चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

प्रवाळ-मत्स्यालय म्हणजे ज्या काचपेटीत माशांबरोबर जिवंत प्रवाळ, समुद्रफुले, शंख-शिंपले, कोळंब्या आणि नाना प्रकारचे शैवाल एकत्र नांदतात असे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय. गोड्या पाण्याच्या नेहमीच्या फिश टँकचेच ते एक खर्चिक रूप आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या दोहोंमध्ये काच आणि पाणी यांखेरीज फारसे काही समान नसते. गोल्डफिश किंवा गप्पी पाळणारा मनुष्य मासे पाळतो आणि पाणी ही त्या माशांची राहण्याची जागा असते. प्रवाळ पाळणाऱ्याला मात्र आधी पाणी पाळावे लागते. त्यातील क्षार, वायू, जिवाणू आणि विरघळलेली खनिजे यांचा मेळ एकदा बसला आणि महिनोन्‌महिने टिकला, की प्राणी त्यात आपसूक वाढू लागतात, आणि तो मेळ बिघडला तर कितीही महागडी उपकरणे लावली तरी त्यांतून काही साधत नाही. या छंदात अपयशी ठरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे अपयश अज्ञानापेक्षा घाईतून येते, असे या विषयाचा इतिहास पाहता स्पष्टपणे म्हणता येते.

येथे प्रवाळ हा शब्द नेमका समजून घेणे आवश्यक आहे. नवरत्नांत गणले जाणारे आणि मंगळाच्या अंगठीत जडवले जाणारे लाल पोवळे हा मुख्यतः भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या गटातील प्राण्याचा सांगाडा असून उथळ उष्ण समुद्रातील प्रवाळखडक रचण्याशी त्याचा संबंध नाही. खडक रचणारे अश्मप्रवाळ हे समुद्रफुलांचे जवळचे आप्त होत: नळीसारखे मऊ शरीर, वरच्या टोकाला तोंड आणि त्याभोवती डंख असलेल्या संस्पर्शकांचे कडे अशी रचना असलेल्या एकेका जीवाला पॉलिप म्हणतात, आणि असे शेकडो-हजारो पॉलिप एकमेकांना जोडून राहून बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा, सांगाडा रचत वसाहत वाढवतात. मऊ प्रवाळांत असा सलग दगडी सांगाडा नसतो, त्यामुळे ते पाण्याच्या रसायनाबाबत काहीसे सोशीक असतात आणि नवशिक्याने आरंभ त्यांच्यापासून करावा असा संकेत जगभर पाळला जातो.

समुद्राचे पाणी घरात तयार करता येते याचे श्रेय एका विलक्षण वस्तुस्थितीकडे जाते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या महासागरांतून जमवलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवले, की पाणी कमी खारट असो वा अधिक, त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र तेच असते. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि सल्फेट यांचे हे ठरलेले गणित हाती असल्यामुळेच बाजारात मिळणाऱ्या क्षारमिश्रणाची पिशवी फोडून शुद्ध पाण्यात विरघळवली की प्रवाळांना मानवणारे पाणी तयार होते. मुक्त महासागरात दर किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. या प्रमाणाला लवणता म्हणतात, आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६ भरते. लवणता मोजण्यासाठी काचेच्या तरंगत्या हायड्रोमीटरपेक्षा प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा असतो, मात्र त्याचीही वेळोवेळी प्रमाणित द्रावणाने पडताळणी करावी लागते.

या संदर्भात नवशिक्याची एक चूक वारंवार दिसते. पेटीतील पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. म्हणून रोज घटणारी पातळी खाऱ्या पाण्याने भरून काढली तर लवणता चढत जाते आणि काही आठवड्यांत प्राणी आक्रसू लागतात. भर घालायची ती नेहमी गोड्या पाण्याची, आणि तेही नळाचे पाणी वापरून चालत नाही, कारण त्यातील क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट आणि नळातून उतरणारे तांबे यांपैकी प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या जिवाला घातक किंवा नको त्या शैवालाला पोषक असतो. घरोघरी पिण्यासाठी असलेल्या आरओ यंत्राचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते. त्यापुढे आयन काढून टाकणाऱ्या राळेच्या मण्यांतून ते गाळावे लागते, तेव्हा कुठे विरघळलेल्या घन पदार्थांचा आकडा शून्यावर येतो.

समुद्र दाराशी असताना त्याचेच पाणी का आणू नये, असा प्रश्न मुंबई-रत्नागिरीच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मात्र कोकण किनाऱ्याच्या उथळ पाण्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या पावसाळ्याचे चार महिने प्रचंड गाळ आणि गोडे पाणी ओततात, आणि मोठ्या शहरांलगत त्यात सांडपाण्याची भर पडते. प्रवाळाला नेमके याच दोन गोष्टींचे वावडे असते: गाळ त्याचे तोंड बुजवतो आणि प्रकाश अडवतो, तर लवणतेतील अचानक घट त्याच्या पेशी सहन करू शकत नाहीत. त्यामुळेच महाराष्ट्राच्या लांबलचक किनाऱ्यावर प्रवाळ मोजक्या ठिकाणी आढळतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील, १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्यात ते तग धरून आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस १०० किलोमीटरहून दूर, नद्यांच्या गढूळ पाण्यापलीकडे असलेल्या बुडीत पठारावर ते खऱ्या अर्थाने बहरले आहेत. त्या पठाराला कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. काचपेटीत जे टाळायचे असते त्याचा धडा किनाऱ्याच्या या नकाशातच दिसतो.

समुद्री जीव घरात जगवण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये सुरू झाला. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथून लंडनला काही अश्मप्रवाळ नेले आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातील मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसण्याचे काम दिले. ते प्रवाळ जगले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय याच परंपरेतले. परंतु या सर्व काळात उष्ण समुद्रातील प्रवाळ काचेआड दीर्घकाळ जगवणे जवळजवळ अशक्य मानले जात होते, कारण पेटी निर्जंतुक ठेवणे हाच आरोग्याचा मार्ग आहे अशी धारणा होती: वाळू उकळायची, प्रवाळांचे पांढरे सांगाडे ब्लीचमध्ये धुऊन शोभेला ठेवायचे आणि माशांना औषधांवर टिकवायचे.

ही धारणा जकार्तामधील ली चिन एंग यांनी उलटवली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी आपली पद्धत मांडली, आणि तिचे सार असे, की समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक तसेच पेटीत ठेवावेत, नैसर्गिक समुद्रजल वापरावे, सूर्यप्रकाश येऊ द्यावा आणि हवेच्या बुडबुड्यांच्या मंद धारेने पाणी हलते ठेवावे, इतके केले की गाळणयंत्रावाचून प्रवाळ जगतात. जकार्तात समुद्र जवळ होता आणि ऊनही होते. युरोपात दोन्ही नव्हते. म्हणून तेथील हौशी मंडळींनी याच कल्पनेला तीव्र विद्युतदिव्यांची आणि फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि बर्लिनमधील अशा मंडळींच्या कामामुळे ती ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आजची जवळजवळ प्रत्येक यशस्वी पेटी याच पद्धतीची वंशज आहे.

त्या ‘जिवंत खडकात’ असे काय असते, याचे उत्तर नायट्रोजन चक्रात आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि न खाल्लेले अन्न कुजले तरी अमोनियाच तयार होतो. हा वायू अल्प प्रमाणातही विषारी असतो. खडकाच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्याहून पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गाळणयंत्रातील स्पंजही इतके काम करू शकतो. खडकाचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे: त्याच्या खोल छिद्रांत प्राणवायू पोहोचत नाही, आणि तेथे राहणारे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेऊन नायट्रोजन वायू मोकळा करतात, जो बुडबुड्याच्या रूपाने निघून जातो. या जिवाणूंची वस्ती स्थिर होण्यास सामान्यतः चार ते आठ आठवडे लागतात. त्या काळाला छंदी मंडळी ‘टँक सायकल होणे’ म्हणतात, आणि तो संपेपर्यंत पेटीत एकही मासा सोडू नये. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले म्हणजे पेटी सज्ज झाली असे मात्र नव्हे. त्यानंतरचे कित्येक महिने खडकावर आधी तपकिरी डायॅटम, मग हिरवे केसाळ शैवाल, मग जांभळट चुनखडी शैवाल असे थर येत-जात राहतात, आणि नाजूक प्रवाळांसाठी वर्षभर थांबणारा मनुष्यच पुढे समाधानी होतो.

बर्लिन पद्धतीचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे स्किमर, म्हणजेच फेस काढणारे यंत्र. अळवाची पाने उकळताना किंवा समुद्राच्या लाटा फुटताना येणारा फेस ज्या तत्त्वावर तयार होतो त्याच तत्त्वावर तो चालतो: प्रथिनांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे हवेकडे ओढले जाते, त्यामुळे उभ्या नळीत अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले की ते रेणू त्यांना चिकटून वर येतात आणि काळपट, दुर्गंधी द्रवाच्या रूपाने वरच्या पेल्यात साचतात. कुजून अमोनिया होण्यापूर्वीच घाण बाहेर पडते हा त्याचा मोठा लाभ, आणि त्याच वेळी पाण्यात प्राणवायूही भरपूर मिसळला जातो.

प्रकाश हा येथे शोभेचा भाग नसून आहाराचा भाग आहे. प्रवाळाच्या ऊतीत झूझँथेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतात. ते प्रकाशसंश्लेषणाने साखर आणि इतर द्रव्ये तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. हे जीव डायनोफ्लॅजेलेट गटातील आहेत हे जपानी शास्त्रज्ञ कावागुती यांनी १९४४ मध्ये ओळखले, आणि शैवालाने तयार केलेले द्रव्य यजमानाच्या शरीरात खरोखर जाते हे मस्कटाइन आणि हँड या दोघांनी १९५८ मध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून एका समुद्रफुलात दाखवले. पाण्याच्या काही मीटर खाली लाल रंग विरून निळा प्रकाश उरत असल्याने हे शैवाल निळ्या प्रकाशाशी जुळलेले असतात, म्हणून प्रवाळांसाठीच्या एलईडी दिव्यांत निळ्या छटेचे प्राबल्य असते. नवा दिवा लावताना तो पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावणे धोक्याचे असते, कारण अतिप्रकाशाने शैवालच विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो.

तापमानाचेही तसेच आहे. २५ ते २७ अंशांदरम्यान स्थिर असलेल्या पाण्यात हे सहजीवन सुखाने चालते, परंतु समुद्रातील नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून केवळ १ अंशाची वाढ काही आठवडे टिकली तरी प्रवाळ आपले शैवाल गमावून पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत लक्षद्वीपच्या खडकांवर हेच घडले. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याच्या बंद खोलीत पंप आणि दिवे यांच्या उष्णतेने पेटीचे पाणी सहज ३० अंशांपुढे जाते, त्यामुळे आपल्याकडे पाणी थंड करणारा चिलर ही चैन ठरत नाही. वीज जाणे हा आणखी गंभीर प्रसंग असतो: गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो आणि पंप थांबल्यावर काही तासांतच मासे गुदमरू लागतात, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा साधा पंप हे त्या घरातील सर्वात मोलाचे उपकरण समजावे.

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे वळता येईल, आणि तो गाभा मराठी शाळांतील प्रत्येक मुलाने परीक्षानळीत पाहिलेला आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते. कळीचा चुना भिजवून वर राहिलेल्या स्वच्छ पाण्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड श्वासातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनते. कोकणात शिंपल्या भाजून चुना करण्याची जुनी रीत या प्रवासाची उलटी दिशा दाखवते: समुद्री जिवाने बांधलेले कॅल्शियम कार्बोनेट भट्टीत कार्बन डायऑक्साइड सोडून देते आणि पुन्हा चुना होते. प्रवाळ आपला सांगाडा रचताना पाण्यातून दोन गोष्टी उचलतो, एक कॅल्शियम आणि दुसरी बायकार्बोनेट. पाण्यातील बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्या साठ्याला स्थूलमानाने अल्कता म्हणतात, आणि पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास टिकून राहतो तोही याच साठ्याच्या बळावर.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे २.५ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता असते. छंदी मंडळींच्या जर्मन मापाने ही अल्कता सुमारे ७ अंश होते. आता सांगाड्यात जमा होणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा हिशेब असा, की अल्कता १ मिलिइक्विव्हॅलंटने, म्हणजे जर्मन मापाच्या २.८ अंशांनी, उतरते तेव्हा कॅल्शियम अवघे २० मिलिग्रॅमने उतरते. एकीकडे साठ्याचा पाचातला दोन हिस्सा संपलेला असतो आणि दुसरीकडे पुरता विसावा भागही संपलेला नसतो. वाढत्या प्रवाळांच्या पेटीत संकटाची पहिली वर्दी अल्कतेच्या चाचणीतच का मिळते आणि कॅल्शियमचा आकडा उत्तम असूनही प्रवाळांची टोके पांढरी पडून का झडतात, याचे स्पष्टीकरण या एका गुणोत्तरात आहे. दररोज एकाच वेळी अल्कता मोजून वहीत टिपणारा मनुष्य पेटीची भूक किती हे आठवड्याभरात ओळखतो. त्या आकड्याचा चढउतार हा आकड्याच्या निव्वळ उंचीपेक्षा घातक असतो.

ही भूक भागवण्याचा जुना आणि अजूनही देखणा मार्ग म्हणजे चुन्याची निवळीच होय. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात तो रूढ केला आणि जर्मन भाषेतील ‘काल्कवासर’ हे तिचे नाव जगभर गेले. त्याचा शब्दशः अर्थ चुन्याचे पाणी. संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये साधारण ०.९ ग्रॅम कॅल्शियम असते. २०० लिटरच्या पेटीतून रोज २ लिटर पाणी वाफ होऊन जात असेल आणि तेवढी निवळी तिच्या जागी घातली, तर कॅल्शियम दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅमने आणि अल्कता जर्मन मापाच्या सुमारे १.३ अंशांनी वाढते. हे प्रमाण प्रवाळाच्या खर्चाशी तंतोतंत जुळते, आणि कोणताही परका क्षार मागे उरत नाही. मात्र निवळीचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, सोडावी लागते. एकदम ओतल्यास पाण्यातील सारे कार्बोनेट क्षणात साक्यासारखे खाली बसते. चुनाही रासायनिकदृष्ट्या शुद्धच हवा, पानाच्या डबीतला नको. प्रवाळ मोठे झाले की वाफेइतकी निवळी अपुरी पडते, आणि तेव्हा कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट यांची दोन वेगळी द्रावणे छोट्या पंपांनी मोजून सोडण्याची पद्धत वापरली जाते. या सगळ्याला मॅग्नेशियमची साथ लागते. दर लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असलेले हे मूलद्रव्य कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांना आपोआप बसू देत नाही, आणि ते घटले की कितीही द्रावणे घातली तरी अल्कता टिकत नाही.

पोषक द्रव्यांच्या बाबतीत मात्र गेल्या काही दशकांत मत बदलले आहे, आणि तो बदल योग्य आहे. नितळ, जवळजवळ पोषणरहित पाण्यात इतकी समृद्ध जीवसृष्टी कशी नांदते, या कोड्याला डार्विनचे नाव जोडले जाते. त्यावरून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणावे असा आग्रह एकेकाळी धरला गेला. परंतु खऱ्या खडकावर लाटांबरोबर अखंड प्लवक वाहत येत असतात आणि माशांची विष्ठा सतत झिरपत असते, त्यामुळे पाण्यात साठा अल्प दिसला तरी पुरवठा मोठा असतो. पेटीत असा पुरवठा नसताना दोन्ही द्रव्ये शून्यावर नेली तर प्रवाळ फिकट पडून उपाशी मरतात आणि रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेटचे तपकिरी, चिकट, तारांसारखे थर चढतात, जे घालवणे केसाळ शैवाल घालवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. माशांना पोटभर खायला घालावे आणि स्किमर, गुंतवळासारखे वाढणारे कीटोमॉर्फा शैवाल व पाण्याची अदलाबदल यांच्या योगे जास्तीचे बाहेर काढावे, हाच मार्ग आज शहाणपणाचा मानला जातो.

प्राणी सोडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शैवाल खाणारे शंख आणि शंखांत राहणारे चिमुकले खेकडे, मग सोशीक मऊ प्रवाळ, मग एकेक करून मासे, आणि त्यांतही जो मासा आपल्या हद्दीसाठी सर्वात भांडखोर तो सर्वात शेवटी. विदूषक मासा, ज्याला सारे क्लाऊनफिश म्हणून ओळखतात, तो लहान पेटीस उत्तम. त्याची पिले सर्व नर म्हणून वाढतात आणि जोडीतील थोरला मासा मादी बनतो, हे फ्रिक दांपत्याने १९७७ मध्ये दाखवून दिले, त्यामुळे दोन लहान मासे एकत्र ठेवले की जोडी आपोआप जुळते. याउलट रंगांची उधळण असलेला मँडरिन मासा मुख्यतः कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपून खातो, आणि नव्या पेटीत तो काही आठवड्यांत उपासमारीने मरतो. तो विकत घेणे हे क्रौर्य आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. सर्जनफिशसारख्या अखंड पोहणाऱ्या माशांना चार फुटी काचेत कोंडण्याबाबतही तेच म्हणावे लागेल.

नवा मासा कितीही निरोगी दिसला तरी काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवणे अनिवार्य आहे. क्रिप्टोकॅरियॉन नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उमटवतो, मग गळून तळाशी कोश करून राहतो आणि कोश फुटला की शेकडो नवी पिले पाण्यात सोडतो. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ, शंख आणि कोळंबी यांना मारक असल्याने मुख्य पेटीत ते कधीच वापरता येत नाही. एकदा लागण झाली की सर्व मासे बाहेर काढून उपचार करायचे आणि पेटी ७६ दिवस माशांविना ठेवायची, एवढाच खात्रीचा उपाय उरतो. प्रवाळही दिसतात तितके शांत नसतात. रात्री काही जाती हातभर लांब डंखतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात, म्हणून दोन वसाहतींत मोकळी जागा राखावी लागते. पॅलिथोआ गटातील बटणांसारख्या जीवांत पॅलिटॉक्सिन हे माणसालाही प्राणघातक ठरू शकणारे विष असते. त्यांना हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण त्या वाफेने अख्खे कुटुंब रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची बाब कायद्याची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, सर्व समुद्री काकड्या आणि समुद्रघोड्यांचे कूळ समाविष्ट झाले, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण मिळाले. भारतीय समुद्रातून असा प्रवाळ तोडणे, विकणे वा बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि प्रवाळाच्या सांगाड्याचा ‘जिवंत खडक’ही त्यातून सुटत नाही. परदेशी प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीने करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन घातले. तेव्हा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील असो वा अन्य कोठलाही विक्रेता, कागदपत्रांवाचून दिला जाणारा प्रवाळ नाकारणे हे या छंदाचे पहिले कर्तव्य ठरते. सिरॅमिकचे सच्छिद्र खडक, बाटलीबंद जिवाणू, समुद्री शैवाल आणि बंदिवासात जन्मलेले मासे यांच्या आधारे उभी केलेली कायदेशीर पेटी कमी देखणी नसते. क्लाऊनफिशचे बीजोत्पादन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साध्य केले आहे, ऐरोली येथे कांदळवन कक्षाच्या पुढाकाराने शोभिवंत समुद्री माशांची उबवणी सुरू झाली, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक स्त्रिया शोभिवंत कोळंब्यांची पैदास करतात. जाळ्याबरोबर सायनाइड फवारून मासे बधिर करण्याची जी रीत १९६० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये पसरली आणि जिने माशांबरोबर खडकही मारले, तिला खरा पर्याय हाच आहे.

नित्याची देखभाल सांगण्यास सोपी आहे. रोज तापमान पाहणे, पाण्याची भर घालणे आणि प्राण्यांचे निरीक्षण. आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलणे, काच पुसणे आणि स्किमरचा पेला धुणे. काही महिन्यांनी पंप सिरक्यात बुडवून त्यांवर बसलेला चुना काढणे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत दुसरा करू नये, हा नियम मोडण्याचा मोह मात्र भल्याभल्यांना आवरत नाही.

काचपेटीत जमा झालेले हे ज्ञान आता समुद्राकडे परतू लागले आहे. बर्लिनच्या डिट्रिख श्ट्युबर यांच्या पेटीत वाढलेल्या एका ॲक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्या तोडून-तोडून हौशी मंडळींनी एकमेकांना दिल्या आणि त्या युरोपभर व अमेरिकेतही पोहोचल्या; तुकड्यापासून वसाहत वाढवण्याचे हे तंत्र आज अनेक देशांत उद्ध्वस्त खडकांच्या पुनर्लागवडीत वापरले जाते. मात्र तुकडे म्हणजे एकाच जिवाच्या प्रती. नव्या पिढीसाठी अंडी आणि शुक्राणू लागतात, आणि समुद्रात बहुतेक अश्मप्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री, पौर्णिमेच्या आगेमागे, ते एकत्र सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून दूरच्या खडकांवरील वर्षभराचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला बंद खोलीतील पेट्यांवर हुबेहूब उतरवल्या, आणि समुद्रापासून दूर त्या खोलीत प्रवाळ ठरल्या रात्री प्रसवले. त्यांच्या सहकार्याने फ्लोरिडा ॲक्वेरियमने ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकी किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीशा झालेल्या स्तंभप्रवाळाला प्रयोगशाळेत प्रथमच प्रसवते केले, आणि कृत्रिम चंद्राखालील त्या पेटीत प्रवाळाची हजारो डिंभके पोहू लागली.